पहिलं नको

माझी मुलगी चार वर्षांची असताना सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागात एका मैत्रिणीकडे आम्ही जेवायला गेलो होतो. मैत्रीण पुण्याची, माझ्या दोन वर्षं आधी सिंगापूरला आलेली आणि त्या दोन वर्षांच्या जोरावर मला आजतागायत सल्ले देणारी. तिने गुलाबजामचं भांडं मुलीसमोर धरून विचारलं, "देऊ का गं बाळा?" मुलीने भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हो. तीन."

सगळे हसले. मैत्रीणही हसली, पण हसता हसता तिने माझ्याकडे असं पाहिलं की आम्ही लेकराला घरी उपाशी ठेवतो अशी तिची खात्री पटली असावी. नवऱ्याला यातलं काही कळलं नाही, कारण तेव्हा तो स्वतःचा चौथा गुलाबजाम संपवत होता.

परतताना डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर मी मुलीचा पहिला वर्ग घेतला. कुणी काही दिलं की आधी नको म्हणायचं.

"मला हवं असलं तरी?"

"हवं असलं तरी."

"मग मला मिळणार कसं?"

"ते परत विचारतात. परत विचारलं की म्हणायचं, बरं, थोडंसं."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारतात. चांगली माणसं परत विचारतातच."

तिने पाय हलवत बराच वेळ विचार केला. "म्हणजे त्यांना माहितीये मला हवंय, तरी मी नको म्हणायचं. व्हाय लाइक दॅट?"

"असंच असतं," मी म्हणाले. आईच्या तोंडून हे वाक्य आलं की वर्ग संपला असं समजायचं असतं.

पुढे घरी रंगीत तालमीही झाल्या. बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर एवढंसं, पण त्यात मी यजमानीण व्हायचे, मुलगी पाहुणी आणि वाटीत चुरमुरे. मुलगी ठरल्याप्रमाणे नको म्हणायची. नवरा मध्येच घुसून "मला दे" म्हणायचा आणि सगळा अभ्यास बिघडवायचा. तो दादरचा. त्यांच्या घरी सख्खी-चुलत मिळून इतकी भावंडं होती की पहिल्यांदा नको म्हणणारा तसाच हात धुवून उठायचा. मी पुण्याची. पुण्याच्या आदरातिथ्यावरचे विनोद सगळ्यांना पाठ असतात, तेव्हा ते मला ऐकवू नयेत. आमच्याकडे वाढणारीला दोनदा विचारायची सवय होती आणि जेवणाऱ्याला ती सवय माहीत होती, इतकंच सांगते.

मुलगी तयार झाली. इतकी तयार झाली की मला कौतुकाने ऊर भरून यायचा. गणपतीत पाच घरी जाऊन पाचही ठिकाणी सुरेख नको म्हणायची. मराठी बोलताना निम्मं इंग्रजी घालायची, पण हा "नको" मात्र अस्सल होता, मान किंचित खाली आणि हात ताटावर आडवा. शेजारच्या चिनी बाई दरवर्षी त्यांच्या नववर्षाला अननसाच्या बिस्किटांची बरणी घेऊन यायच्या. मुलगी त्यांनाही नको म्हणायची, आणि त्या "टेक लाह, टेक लाह" करत बरणी तिच्या छातीशी दाबायच्या. त्या बाई आपल्याच वळणाच्या निघाल्या म्हणून मला फार बरं वाटलं होतं. आता कळतं, तेच चुकलं. माझी शिकवण सगळीकडे चालते असा माझा समज झाला.

मग ती वीस वर्षांची झाली आणि एके दिवशी जेवताना म्हणाली की ती वर्षभर स्पेनला शिकायला जाणार आहे.

ती शहरांची आखणी शिकते. रस्ते कुठून जावेत, बाकं कुठे असावीत, माणसांनी सावलीत कसं बसावं. सिंगापूरमध्ये राहून हे शिकायला परदेशी का जायचं, हा माझा साधा प्रश्न होता. "इथे सगळं प्लॅन्ड आहे आई, तिकडे काहीच नाही, तरी चालतं. ते कसं चालतं ते बघायचंय." शाळेत तिने हौसेने स्पॅनिश घेतलं होतं. शहर सेव्हिल, दक्षिणेकडचं, उन्हाचं. नवऱ्याने लगेच फोनवर स्पॅनिश शिकवणारं अॅप घेतलं. तो वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एमआरटीच्या ट्रेनने जाता-येता तो कानात वायर घालून पुटपुटायचा. महिन्याभराने त्याला 'घोडा दूध पितो' हे अस्खलित म्हणता यायला लागलं.

निघायच्या दिवशी मी तिच्या हातावर दही घातलं. ते तिने चाटलं आणि हात जीन्सला पुसला. बॅगेत मी भाजणी, मेतकूट आणि लोणच्याची बाटली ठेवली, तिने ती काढली, मी परत ठेवली, तिने परत काढली. शेवटी मेतकुटावर तडजोड झाली. चांगी विमानतळावर आत जायच्या आधी ती वळून म्हणाली, "आई, मी रोज फोन करू?"

मला हो म्हणायचं होतं. दिवसातून दोनदा कर, असं म्हणायचं होतं. मी म्हणाले, "रोज नको गं. तुला वेळ कुठे असणार."

"ओके," ती म्हणाली. "मग बुधवार आणि रविवार."

आणि गेली. मी तशीच उभी राहिले. नवऱ्याने मला कॉफी प्यायला नेलं. त्याने कॉफी विचारल्यावरही मी नको म्हणाले होते, पण तो मला ओळखून आहे.

सेव्हिलमध्ये तिने एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या. तिकडे बाईंना सेन्योरा म्हणतात, म्हणून आमच्या घरातही त्या सेन्योराच झाल्या. दुपारचं जेवण खोलीबरोबर. दुपारचं म्हणजे तीन वाजता. ही गोष्ट ऐकून मी आधी हादरले, मग लक्षात आलं की तिकडचे तीन म्हणजे आमच्याकडचे रात्रीचे नऊ, आवराआवर झालेली, बोलायला उत्तम वेळ. बुधवारी आणि रविवारी मी आठपासूनच फोन चार्ज करून ओट्यावर उभा करायचे. मधल्या वारी मी स्वतःहून फोन करत नसे. ती वर्गात असेल, मित्रमैत्रिणींत असेल. आणि मीच नको म्हटलं होतं ना.

पहिला आठवडा सगळं छान होतं. रस्त्यांवर संत्र्याची झाडं आहेत, पण संत्री कडू असतात. दुकानं दुपारी बंद असतात. "तुझ्या पुण्यासारखी," नवरा मला म्हणाला. मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिचा चेहरा उतरलेला वाटला. तिसऱ्या आठवड्यात तिने केस बांधायला हात वर केले तेव्हा मला तिची मनगटं दिसली.

"जेवतेस ना?"

"जेवते."

"काय जेवलीस?"

"मसूर. पालक आणि छोले. बटाट्याचं ऑम्लेट."

"म्हणजे आमटी-भाजीच की," नवरा मागून म्हणाला. त्याला तिकडचं सगळं आवडायला लागलं होतं.

"पोटभर जेवतेस का?"

"पुरतं," ती म्हणाली.

पुरतं! माझ्या लेकीने जेवणाबद्दल आयुष्यात कधी हा शब्द वापरला नव्हता. आईचे कान अशा शब्दाला लगेच टवकारतात. मी मनातल्या मनात त्या सेन्योरांना चिकट ठरवून टाकलं. मोजून मसूर शिजवत असतील, झाकणं घट्ट लावून ठेवत असतील. त्या काळात मी ऑफिसात हिशेबाच्या तक्त्यांकडे बघत बसायचे आणि डोक्यात त्यांच्याशी मराठीत भांडायचे. भांडणात मी दरवेळी जिंकायचे.

खाण्यापेक्षाही वाईट म्हणजे तिला तिथे कुणी नव्हतं. आमची मुलगी भिडस्त आहे, पण घुमी नाही. इथे तिच्या मैत्रिणी आमच्या सोफ्यावर पसरलेल्या असायच्या. तिकडे रविवारी दुपारी ती एकटीच नदीकाठी चालायला जायची आणि मला नदी दाखवायची. "वर्गातली मुलं कशी आहेत?" विचारलं तर म्हणायची, "नाइस आहेत. पण त्यांचा ग्रुप ठरलेला आहे." फोनमधली नदी फार सुंदर होती. मला ती बघवेना.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका बुधवारी ती म्हणाली, "आई, मला वाटतं मी परत येते. जानेवारीत इथल्या सेमिस्टरला बसता येईल. महिनाअखेर कळवायला लागेल फक्त."

'इथल्या' म्हणजे सिंगापूरच्या. ती अजूनही सिंगापूरला 'इथे' म्हणत होती, हे मी टिपून ठेवलं.

खरं सांगते, मला आनंद झाला. लेक तिकडे रडकुंडीला आली आहे आणि इकडे आईला आनंद, हे काही शोभणारं नाही, पण झाला. तिची खोली मी आवरून ठेवली होती. चादर दर आठवड्याला बदलत होते, कुणी झोपत नसताना. मला ती परत हवी होती. हे मी तिला बोलले नाही. म्हणाले, "तुझं तू ठरव बाई. आमचं काही म्हणणं नाही." फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "आमचं म्हणजे कुणाचं?" आणि उठून गेला. त्याला तिने तिथेच राहायला हवं होतं. त्याचं म्हणणं, आता आली तर कायमची हरल्यासारखी येईल.

त्यानंतरच्या रविवारी सेन्योरांनी आम्हाला जेवणाला बोलावलं. म्हणजे त्या म्हणाल्या, मुलीचे आई-बाबा फोनवर असतात तर फोन टेबलावरच ठेव, मलाही बघू दे. मुलीने फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. पांढरे आखूड केस, चष्मा, ताठ पाठ, अशा त्या आल्या. आम्हाला 'ओला' म्हणाल्या. आम्हीही 'ओला' म्हणालो. नवरा घोड्याबद्दल काहीतरी बोलणार होता, मी त्याला कोपराने थांबवलं.

त्यांच्या हातात पातेलं होतं. चांगलं मोठं, काठोकाठ भरलेलं. मी बघतच राहिले. चिकट बाईचं पातेलं असं नसतं. त्यांनी मुलीला डावभर पालक-छोले वाढले. ते तिने इतक्या भराभर संपवले की मला तिचा घास घशात अडकेल असं वाटलं. त्यांनी पातेलं पुढे करून काहीतरी विचारलं. मला स्पॅनिश येत नाही, पण वाढणाऱ्या बाईचा प्रश्न जगात सगळीकडे तोच असतो.

आणि माझ्या लेकीने मान किंचित खाली घातली, हात ताटावर आडवा धरला आणि म्हणाली, "नो, ग्रासियास."

सेन्योरांनी मान हलवली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पातेलं उचलून आत नेलं.

मुलीचे डोळे त्या पातेल्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

"अगं!" मी ओरडले. "तुला नको होतं?"

"हवं होतं," ती हळूच म्हणाली.

"मग नको काय म्हणालीस?"

"मग? तूच ना सांगितलंस. आधी नको म्हणायचं. शी नेव्हर आस्क्स अगेन, आई. एव्हरी डे ती एकदाच विचारते आणि मग पॉट घेऊन जाते. रोज पॉट घेऊन जाते लाह!"

माझ्या शेजारून एक आवाज आला. मला वाटलं नवऱ्याला ठसका लागला. तो हसत होता. हसता हसता ओट्याला धरून खाली बसला आणि खालून म्हणाला, "सोळा वर्षं... सोळा वर्षं मी सांगतोय, मला दे म्हणायला शिकव..."

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मला दुसरंच काही सुचलं होतं आणि ते विचारायला जीभ रेटत नव्हती. "आणि वर्गातल्या मुलांनी तुला कधी बोलावलं होतं का गं? कुठे?"

"हो. फर्स्ट वीकमध्येच. सगळे समुद्रावर चालले होते. म्हणाले, येतेस?"

"मग तू काय म्हणालीस?"

ती काटा ताटात फिरवत राहिली. सांगायची गरजच नव्हती. मला तो नको दिसला, मान खाली घातलेला, अस्सल. आणि ती पोरं "बरं" म्हणून समुद्रावर निघून गेलेली दिसली. "आणि मग एकीने तिच्या आजीकडे जेवायला बोलावलं होतं," ती म्हणाली. "आणि एकदा सायकलवर. मला वाटलं परत विचारतील."

चांगली माणसं परत विचारतातच. हे मी तिला शिकवलं होतं, बसच्या वरच्या मजल्यावर, गुलाबजामच्या रागात.

तेवढ्यात सेन्योरा फळांची ताटली घेऊन परत आल्या. मी मुलीला म्हणाले, "आत्ताच्या आत्ता सांग त्यांना. हवंय म्हणून सांग."

"आता कसं सांगू? त्यांनी पॉट आत नेलं. मी हावरट वाटेन."

"वाट हावरट!"

"आई, आय कान्ट."

मला स्पॅनिशमधला उपयोगाचा एकच शब्द येत होता, 'हो'ला 'सी', तोही नवऱ्याच्या अॅपमधून भिंतीपलीकडून ऐकून. मी फोन उचलून तोंडाजवळ धरला आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "सी! सेन्योरा, सी! सी!" आणि बोटाने पातेलं, ताट, मुलगी, परत पातेलं असं दाखवत सुटले. पातेलं आत होतं आणि माझा फोन इकडे होता, तेव्हा मी नेमकं काय दाखवत होते देव जाणे.

सेन्योरा थबकल्या. माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मुलगी लालबुंद होऊन काहीतरी भराभर सांगत होती. ती सांगत गेली तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्या बोलल्या आणि मुलीने आम्हाला मराठी करून सांगितलं.

त्यांच्याकडे पूर्वी एक परदेशी मुलगी राहायची. तिने त्यांना एकदा बजावलं होतं, मी नाही म्हटलं की नाही, सारखं सारखं वाढू नका, मला त्रास होतो. ते त्यांना फार लागलं होतं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, एकदाच विचारायचं. आणि आमची मुलगी रोज नाही म्हणत होती. "त्या म्हणतायत, त्यांना वाटलं मला त्यांच्या हातचं आवडतच नाही. म्हणून त्या रोज दुसरं काहीतरी करून बघत होत्या."

मनातल्या भांडणात मी या बाईंना काय काय बोलले होते ते आठवून मी पदर असता तर त्यात तोंड लपवलं असतं. टी-शर्ट होता.

सेन्योरांनी पातेलं आणलं. डाव भरला, मुलीच्या ताटात ओतला. दुसरा भरला. मग पातेल्यावरून माझ्याकडे बघून डाव उंचावला आणि विचारलं, "सी?"

"सी," मी म्हणाले. तिसरा पडला.

ती जेवत होती आणि आम्ही दोघं इकडे ओट्याशी उभे राहून बघत होतो.

त्यानंतर लेकीने हो म्हणायला जी सुरुवात केली, ती विचारू नका. वर्गात जाऊन तिने आपणहून सांगितलं की मी समुद्रावर यायला तयार आहे. पोरं म्हणाली, आम्हाला वाटलं तुला आम्ही बोअर वाटतो. मग समुद्र झाला, सायकल झाली, त्या मैत्रिणीच्या आजीकडचं जेवण झालं. कुणाच्या तरी चुलतभावाच्या लग्नात ही नाचताना दिसली. आमच्याकडे घरच्या लग्नात नाचायला बोलावलं तर खांबामागे जाणारी ही. मनगटं भरली. एका रविवारी तिने मला फोनवर आठ माणसं दाखवली, सगळी एकदम बोलत होती, आणि ही मधोमध बसून दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खात होती. मला इकडे घाम फुटला. नवरा म्हणाला, "माझी मुलगी."

बुधवारचा फोन आखूड होत गेला. तिकडे घड्याळं तासाने मागे गेली, आमचे नऊचे दहा झाले, आणि मग कधी कधी बुधवार राहूनही जायचा. महिनाअखेर कळवायचं होतं त्याचं काय झालं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने परत येणं नको म्हटलं असतं, आणि या वेळचा नको खरा असता. नोव्हेंबर उजाडला तेव्हा मी समजायचं ते समजले. त्या रविवारी बोलताना ती सेव्हिलला 'इथे' म्हणाली.

चादर मात्र मी बदलत राहिले. सवय असते.

फेब्रुवारीतला एक रविवार. आमच्याकडे संध्याकाळ होती, तिकडे ती नुकतीच उठून स्वयंपाकघरात कॉफी करत होती. केस विस्कटलेले, पाठीमागे सेन्योरांचा रेडिओ. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ती म्हणाली, "आई, तू येतेस इथे? तू आणि बाबा. मार्चमध्ये संत्र्याच्या झाडांना फुलं येतात. सेन्योरा म्हणते अख्ख्या शहराला वास येतो. मी तुला सगळं दाखवते."

माझ्या डोक्यात त्या क्षणी बॅग भरून झाली होती. भाजणी, लोणचं, सेन्योरांना एक साडी की शाल इथपर्यंत मी पोचले होते. आणि तोंडाने म्हणाले, "नको गं. कशाला उगाच. तुझा अभ्यास असेल, माझ्या ऑफिसात सुट्टीचं काय होतंय कुणास ठाऊक."

आणि थांबले.

"ओके," ती म्हणाली. कॉफीत चमचा फिरवत राहिली. "ओके आई. इट्स फाइन." मग म्हणाली, तिला निघायचं आहे, खाली कुणीतरी वाट बघतंय. आणि फोन बंद झाला.

मी फोन हातात धरून उभी होते. सोफ्यावरून नवरा म्हणाला, "हो म्हणायचं ना."

"विचारेल परत."

त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. परत विचारणार नव्हती ती. मीच ओरडून ओरडून शिकवलं होतं तिला, साता समुद्रापलीकडून, सी, सी, सी. ती नव्याने शिकली होती आणि मी अजून जुन्या वर्गात बसले होते.

मी ओट्याशी गेले. कुकरचं झाकण पुसलं. ते आधीच पुसलेलं होतं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, त्या गुलाबजामच्या दिवशी झाल्या होत्या तशा. पन्नाशीच्या बाईने लेकीला आपणहून फोन करून म्हणायचं की मला यायचंय, मला बोलाव! आमच्या घराण्यात हे कुणी केलं नसेल. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

मी दुसऱ्यांदा लावला.

"आई? काय झालं? बाबा ठीक आहे ना?" ती जिन्यात होती. आवाज जड होता आणि नाक लाल.

"तू रडतेयस?"

"नाही."

"मघाशी तू विचारलंस ना," मी म्हणाले, "त्याला हो."

"कशाला?"

"यायला. मला यायचंय. मार्चमध्ये. सुट्टी बघते मी, मिळेल. मला तुला बघायचंय."

तिने बाहीने नाक पुसलं. मग ती म्हणाली, "मला वाटलं तुला खरंच नकोय."

"नाही गं."

"तू सगळ्यालाच नको म्हणतेस आई. मला कसं कळणार?" आणि मग, "एअरपोर्टवर मी विचारलं होतं, रोज फोन करू का. तेव्हा नको म्हणालीस. ते पण खरं नव्हतं?"

सोफ्यावर नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"नव्हतं," मी म्हणाले.

"आई! लाइक दॅट आल्सो कॅन! असंही करतं का कुणी!" असं म्हणून ती जिन्यातच बसली. हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मग म्हणाली, खाली सगळे थांबलेत, आता जाते, आणि गेली. मागे नवरा विचारत होता, "मला कुणी विचारलंच नाही, मी येतोय की नाही?" मी म्हणाले, "तुला काय विचारायचं, तू चौथा गुलाबजाम खात असशील." पण तोवर तो माळ्यावरची बॅग काढायला स्टूल शोधत होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. रात्रीची भांडी घासत होते, हाताला साबण होता. आमचा फोनचा वार नव्हता. फोन वाजला.